उनाड कोणाला म्हणायचे?

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका शाळेत मी पाचवीला शिकवीत होतो. गावाबाहेरच्या पालांतून एक मुलगा वर्गात येई. दहा मिनिटे तो एका जागी बसत नसे. वही विसरे, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडे, खिडकीतून उडी टाकून निघून जाई. तोंडी हिशेब मात्र साऱ्या वर्गाआधी करी. मी त्याला छडीने मारले. एकदा नव्हे, अनेकदा. मुख्याध्यापक म्हणत, 'मारून काय उपयोग, गुरुजी? त्यांचे रक्तच तसले.' प्रगतिपुस्तकावर मी 'उनाड' असा शेरा लिहिला. दिवाळीनंतर तो आला नाही. हजेरीपटावरून त्याचे नाव कमी करताना मला काही वाटले नाही. आज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

ज्या मुलांचे अवधान टिकत नाही, हालचाल थांबत नाही, विचाराआधी कृती घडते, त्यांच्या या अवस्थेला डॉक्टर आज 'एडीएचडी' म्हणतात. लक्षणे बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात, आणि ती घरी व शाळेत, निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात. या नावापर्यंत वैद्यकशास्त्र कसे पोचले, हे पाहण्यासारखे आहे.

1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर तीन व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असून ज्यांचे स्वतःवर नियंत्रण राहत नाही अशी मुले त्याने पाहिली होती. या दोषाला त्याने 'नैतिक नियंत्रणातील उणीव' म्हटले. शब्द नीतीचा होता. पण नीट वाढवलेल्या घरांतही अशी मुले आढळतात, हे त्याने नोंदले. दोष संगोपनाकडून शरीराकडे सरकू लागला.

त्याच साम्राज्याने आपल्याकडे काय चालवले होते? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पुढे मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची तरतूदही झाली. लंडनच्या मुलाची तपासणी होत होती, इथल्या मुलाची नोंद पोलिसांच्या दप्तरात होत होती. 1952 साली तो कायदा देशभर रद्द झाला. मुख्याध्यापकांच्या तोंडून तो माझ्या वर्गात पुन्हा बोलला, आणि माझ्या हातून त्याची अंमलबजावणी झाली.

उपचाराचा शोध अपघाताने लागला. 1937 साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांनी तपासणीनंतरच्या डोकेदुखीवर म्हणून मुलांना बेंझेड्रिन दिले. डोकेदुखी फारशी हटली नाही. पण तीसपैकी चौदा मुलांच्या अभ्यासात लक्षणीय सुधारणा झाली. उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिरावते, हे तेव्हा कळले. 1944 साली स्वित्झर्लंडमध्ये मिथाइलफेनिडेट तयार झाले. तेच पुढे 'रिटालिन' नावाने विकले गेले. नावे मात्र बदलत राहिली: 'किमान मेंदूविकृती', 1968 साली 'बालवयातील अतिचंचल प्रतिक्रिया', 1980 साली 'अवधान-कमतरता विकार', आणि 1987 साली आजचे नाव.

1970 साली अमेरिकेत ओमाहा शहरातल्या शाळकरी मुलांना मोठ्या प्रमाणावर अशी औषधे दिली जातात, अशी बातमी आली आणि संसदेत सुनावणी झाली. आकड्यांवर वाद झाला. पण गरिबांच्या आणि काळ्यांच्या मुलांना गोळी देऊन गप्प बसवले जाईल, ही भीती खोटी म्हणता येत नाही. 2013 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात उलटी बाजू दिसली: गोऱ्या मुलांच्या तुलनेत काळ्या मुलांना हे निदान मिळण्याची शक्यता 69 टक्क्यांनी कमी होती. म्हणजे वंचितांच्या मुलावर दोन्ही अन्याय होऊ शकतात. शिक्का पटकन बसतो, उपचार मिळत नाही.

आता कोणी म्हणेल, हा विकार बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे, मग 'रक्त तसले' म्हणणाऱ्याचे काय चुकले? चुकले हे, की आनुवंशिकता म्हणजे जात नव्हे. हा विकार कोणत्याही जातीच्या घरात जन्म घेतो. वकिलाच्या घरातला तसला मुलगा 'हुशार पण खोडकर' ठरतो, पालातला 'उनाड' ठरतो. आणि जी मुलगी धिंगाणा न करता खिडकीबाहेर पाहत बसते, तिला 'मठ्ठ' म्हणून आपण विसरून जातो.

माझ्या त्या विद्यार्थ्याला हा विकार होता, असे मी म्हणत नाही. त्याला कोणी तपासलेच नाही. भूक, रक्तक्षय, कमी ऐकू येणे, अपुरी झोप यांनीही मूल अस्वस्थ होते. म्हणूनच तपासणी हवी. निदान झाल्यावर औषध लागेल तिथे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे. लहान वयात आधी पालकांना शिकवावे. शिक्षकाने त्याला पुढच्या बाकावर बसवावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, काम तुकड्यांत द्यावे, मध्येच उठू द्यावे, जमले की लगेच शाबासकी द्यावी. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली मारहाण व मानसिक छळ यांना बंदी घातली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत, पाले गावाबाहेर आहेत. हे अंतर तोडण्याची मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. तालुक्याच्या रुग्णालयात अशा मुलांची तपासणी का होऊ नये?

आणि शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे: शेरा लिहिण्याआधी लेखणी थोडी थांबवा. मी थांबवली नाही. त्या मुलाचा हिशेब अजून माझ्याकडे बाकी आहे.