लांब कर्णावरचे चार उंट

१/ २२ मार्च १९२४, न्यूयॉर्क. जगज्जेता कापाब्लांका १९१६ पासून एकही स्पर्धात्मक डाव हरला नव्हता. रिचर्ड रेटीने मध्यावरचे प्यादे न ढकलता राजाकडील घोडा बाहेर काढला. सहाव्या खेळीअखेर पटावरचे चारही उंट लांब कर्णांवर रोखलेले होते. ३१ व्या खेळीला कापाब्लांकाने डाव सोडला.

२/ हा ‘फ्लँक ओपनिंग’चा, म्हणजे बगलेकडून मांडणी करण्याचा गाजलेला डाव. पटाचा मध्य प्याद्यांनी लगेच व्यापायचा नाही. घोड्यापुढचे प्यादे सारून तिथे उंट बसवायचा आणि दुरून मध्यावर दाब ठेवायचा. युरोपने या विचाराला ‘हायपरमॉडर्न’, म्हणजे अतिआधुनिक म्हटले.

३/ भारतात मात्र ही मांडणी जुनीच होती. देशी बुद्धिबळात प्यादे सामान्यतः पहिल्या खेळीतही एकच घर सरके. मध्यावर झेप घेता येत नसल्याने संथ, दुरून वेढणारी रचना स्वाभाविक ठरे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचे बुद्धिबळावरील पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत आले, तेव्हा ते ‘युरोपीय पद्धतीस अनुसरून’ असल्याचे शीर्षकातच सांगावे लागले. दोन्ही पद्धती इतक्या भिन्न होत्या.

४/ महेशचंद्र बॅनर्जी यांनी देशी वळण युरोपीय नियमांत आणले. १८५५ साली कलकत्त्यात जॉन कॉक्रेनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी त्यांनी जी मांडणी केली, तिला आज ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणतात. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती खेळली १९२२ मध्ये. बॅनर्जी तो डाव हरले, मांडणी टिकली.

५/ म्हणून रेटीने भारताची नक्कल केली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. एकच कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. प्रश्न श्रेयाचा नसून नोंदीचा आहे. ‘किंग्ज इंडियन’सारख्या नावांत देश उरला, खेळाडू उरला नाही.

६/ बॅनर्जींचे डाव आज उपलब्ध आहेत, कारण प्रतिस्पर्धी कॉक्रेनने ते टिपून ठेवले. आपल्या तेल्हारा-अकोटकडच्या पारांवर आणि ओसऱ्यांवर रंगलेल्या डावांना असा कॉक्रेन कुठून लाभणार? घरातल्या एखाद्या आजोबांना देशी नियम आठवत असतील, तर त्यांच्यासमोर पट मांडा आणि प्रत्येक खेळी वहीत उतरवा. साधने अशीच निर्माण होतात.