तोफेच्या तोंडी

माणसाला दचकायला आवडतं. फक्त ते दचकणं तिकीट काढून असावं, एवढीच त्याची अट असते. रस्त्यात कुणी पाठीमागून येऊन 'भ्वॉक' केलं तर आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आणि तोच 'भ्वॉक' काळ्या कोटातल्या पन्नास-साठ वादकांनी मिळून केला, तर उभे राहून टाळ्या वाजवतो.

हा मानवी स्वभाव जोसेफ हायडन या सद्‌गृहस्थांनी बरोबर हेरला होता. २३ मार्च १७९२ रोजी लंडनमध्ये त्यांची ९४ व्या क्रमांकाची सिंफनी पहिल्यांदा वाजली. तिच्या दुसऱ्या भागात एक साधी, बालवर्गात शिकवण्यासारखी चाल मांजराच्या पावलांनी येते. मग ती आणखीनच दबकत चालते. आणि श्रोता खुर्चीत जरा सैलावला, की सगळा वाद्यवृंद नगाऱ्यासकट एकच दणका देतो. इंग्रजांनी त्या सिंफनीचं नावच 'सरप्राइज' ठेवलं. आता खरं सांगायचं तर तो दणका काही फार मोठा नाही. आपल्याकडच्या लग्नातला ताशा त्याला हसेल. पण तो मोठा वाटतो, कारण त्याच्या आधी सगळं हळू असतं. एवढी गोम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

हायडनकडे काही काळ शिकलेले बीथोव्हेन मात्र थेट तोफांपर्यंत पोहोचले. १८०९ साली नेपोलियनच्या तोफांनी व्हिएन्ना शहर भाजून काढलं, तेव्हा आधीच दगा देत असलेले कान वाचवण्यासाठी ते भावाच्या तळघरात डोक्यावर उशा दाबून बसले होते. पण १८१३ साली वेलिंग्टननं स्पेनमध्ये फ्रेंचांना चोप दिला, आणि याच बीथोव्हेननी 'वेलिंग्टनचा विजय' नावाची रचना केली. तीत तोफ कुठे उडवायची आणि बंदुका कुठे, हे स्वरांच्या बरोबरीनं लिहिलेलं आहे. दुसऱ्याची तोफ हा उपद्रव आणि आपली तोफ हे संगीत, हा नियम तेव्हाचाच. समोरासमोर मांडव घालणाऱ्या दोन मंडळांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण तोफांच्या संगीताचा खरा मुकुटमणी म्हणजे चायकोव्हस्की यांचं '१८१२' हे ओव्हर्चर. नेपोलियन रशियावर चालून गेला आणि हात हलवत परतला, त्याची ही सुरेल बखर १८८० साली लिहिली गेली. तीत तोफेचे १६ बार आहेत, चर्चच्या घंटा आहेत, आणि दोन राष्ट्रगीतांची झटापट आहे. गंमत अशी, की त्यातलं रशियन गीत १८१२ साली जन्मालाच आलेलं नव्हतं. ते १८३३ चं. आणि फ्रेंचांचं 'मार्सेयेज' खुद्द नेपोलियनला फारसं पसंत नव्हतं. पण तोफा उडत असताना सनावळ्या कोण तपासतो?

स्वतः चायकोव्हस्कींना या रचनेबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. आश्रयदात्या फॉन मेक बाईंना त्यांनी पत्रातून आधीच कळवून टाकलं, की हे प्रकरण भयंकर गोंगाटाचं होणार आहे आणि आपण ते काही मनापासून लिहिलेलं नाही. त्याच हंगामात त्यांनी तंतुवाद्यांसाठी एक सेरेनेड लिहिली होती. ती मात्र अगदी आतून आलेली. आज सेरेनेड जाणकारांना ठाऊक आहे आणि तोफ सगळ्या जगाला. मोठ्या आवाजाचं हे असं असतं.

मैफलीत तोफ उडवणं सोपं होतं. तिला तबकडीत कोंबणं महाकठीण. जुन्या काळी गायक पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि वरचा स्वर आला, की मागे सरकत असे. न सरकल्यास यंत्र कण्हायचं. पुढे लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली, तरी दुखणं तेच राहिलं. रेकॉर्डवर आवाज म्हणजे एक वळणावळणाची खाच. आवाज जितका मोठा, तितकी खाच जास्त झोकांड्या खाणार. फारच झोकांड्या खाल्ल्या तर ती शेजारच्या खाचेच्या घरात शिरणार, नाहीतर सुई रुळावरून घसरणार. म्हणून ध्वनिमुद्रक मोठ्या आवाजाला थोडं बसवत आणि लहान आवाजाला थोडं उठवत.

तरीही हौसेला मोल नसतं. १९५४ साली अंताल डोराटी यांनी मिनिआपोलिसच्या वाद्यवृंदाकडून '१८१२' वाजवून घेतलं. तोफ वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून आली, घंटा येल विद्यापीठाच्या मनोऱ्यातल्या, आणि या तीन गावच्या वऱ्हाडाची गाठ टेपवर मारली गेली. रेकॉर्डवर हा खटाटोप कसा केला त्याचं निरूपणही होतं. म्हणजे स्वयंपाकही वाढला आणि पाककृतीही.

मग आली टेलार्क. जॅक रेनर आणि रॉबर्ट वूड्स या संगीत शिकलेल्या दोन अमेरिकनांनी १९७७ साली क्लीव्हलंडमध्ये काढलेली ही छोटी कंपनी. त्यांनी १९७८ मध्ये सिनसिनाटीचा वाद्यवृंद आणि एरिक कुन्झेल हे वाद्यवृंद-संचालक घेऊन तेच '१८१२' मुद्रित केलं. पण यावेळी आवाज टेपवर आकड्यांच्या रूपात उतरवला होता, आणि तोफ बसवायची नाही असं ठरलेलं. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा तोफेच्या जागच्या खाचा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. भल्याभल्यांच्या सुया तिथं उडी मारून बाहेर पडल्या. वेष्टनावर रीतसर धोक्याची सूचना होती. संगीत विकताना 'सांभाळून ऐका' असं छापायचं, आणि त्या सूचनेमुळेच खप वाढायचा! ज्याच्या घरी सुई टिकली, तो पाहुण्यांना चहाच्या आधी तोफ ऐकवू लागला.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीला आली आणि सुईचा प्रश्नच मिटला. १२ सेंटिमीटरची चकचकीत चकती, तीवर ७४ मिनिटांचं संगीत, वाचायला प्रकाशाचा किरण. आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा, आणि दर वेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. हळूत हळू आणि मोठ्यात मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल. जुन्या रेकॉर्डला साठ-सत्तर जमले तरी पुष्कळ. किरण काही खाचेतून उडी मारत नाही. म्हणजे तोफेला आता मोकळं रान मिळालं. टेलार्कचं '१८१२' सीडीवर आलं, पाठोपाठ 'वेलिंग्टनचा विजय'ही आला. इतरांनीही मग वादळं, आगगाड्या, जेट विमानं, दारं आपटणं आणि काचा फुटणं यांच्या चकत्या काढल्या. ज्या आवाजांसाठी आपण एरवी पोलिसांत तक्रार करतो, ते लोक पैसे मोजून घरी आणू लागले.

आमच्या माहितीतल्या एका गृहस्थांच्या चिरंजीवांनी अमेरिकेतून अशीच एक तोफवाली चकती पाठवली. शेजारपाजार जमला. '१८१२' ची सुरुवात होते ती चेलो आणि व्हायोलांवर हळुवार वाजणाऱ्या एका प्रार्थनेनं. मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो काका, ऐकूच येत नाहीये!" काकांनी बटण पिळलं. "अजून थोडं!" आणखी पिळलं. प्रार्थना स्पष्ट ऐकू आली, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर दहा-बारा मिनिटांनी काय झालं, ते सांगताना काकू आजही पदर तोंडाला लावतात. पहिल्या बाराला मांजर माळ्यावर गेलं, तिसऱ्याला डाव्या स्पीकरचा पडदा फाटला आणि चौथ्याला खालच्या मजल्यावरचे जोशी चप्पल न घालता वर आले. स्पीकरला तोफेच्या तोंडी देणं म्हणजे काय, हे त्या दिवशी आळीला कळलं. सूचना चकतीवरही होती. पण सूचना वाचायची असते ती वस्तू बिघडल्यावर, ही आपली परंपरा आहे.

तरी मी म्हणेन, काकांची तोफ प्रामाणिक होती. तिच्या आधी प्रार्थना होती. खरा घोटाळा पुढेच झाला. एकच गाणं दोनदा वाजवलं आणि एकदा किंचित मोठं ठेवलं, तर माणसाला मोठं ते चांगलं वाटतं. हे गाणी विकणाऱ्यांना ठाऊक होतंच. आता सीडीला एक पक्कं छत असतं, त्याच्यावर आवाज जाऊ शकत नाही. मग छत वर जात नसेल तर जमीन वर घ्या! १९९० नंतर हळू स्वर उचलून उचलून छताला टेकवायची चढाओढ लागली. घरातल्या सगळ्यांना स्टुलावर उभं केलं, तर उंच कोण आणि बुटकं कोण हे कळणार कसं? ज्यांची डोकी छताला लागली, त्यांची ती सपाट कापली गेली. कानाला ती खरखर म्हणून ऐकू येते. २००८ मध्ये मेटॅलिका या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' आला, तेव्हा त्यांच्याच हजारो चाहत्यांनी सह्या करून अर्ज केला, की कृपया हे कमी कर्कश करून द्या. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी चेपलेली होती, आणि लोकांना ती तिथं जास्त गोड लागत होती. ज्या चकतीवर ९६ डेसिबलचं माजघर मिळालं होतं, तिथं माणसं कोनाड्यात संसार करत होती.

पुढे जगाला थोडी जाग आली. जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्यानं वाजवू नयेत, असा कायदा अमेरिकेत २०१० साली झाला आणि २०१२ च्या डिसेंबरात अमलात आला. आता इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या कंपन्या साधारण एका पातळीला आवाज आणतात. जो जास्त ओरडून आला असेल, त्याचाच आवाज खाली घेतात. म्हणजे ओरडण्यातला नफा गेला. नफा गेला की मोह जातो.

राहिला प्रश्न आपल्या शांततेचा. ती काही चकतीबरोबर खोक्यातून येत नाही. अगदी निवांत खोलीतही तीसेक डेसिबलची कुजबुज चालूच असते. तिच्यावर चकतीचे ९६ चढवले, तर आवाज कान दुखण्यापर्यंत जातो. आणि आमच्या खोल्या कुठे निवांत? पंखा, मिक्सर, रिक्षा, समोरचं बांधकाम. चायकोव्हस्कींची ती सुरुवातीची प्रार्थना नीट ऐकायची, तर आमच्या भागात रात्री दोन वाजता उठावं लागेल. तसं उठायला माझी हरकत नाही. पण प्रार्थनेनंतर तोफ येते, आणि जोश्यांसारखी माणसं दर मजल्यावर राहतात.