वसतिगृहातले गाणे

मंडपात आरती सुरू झाली की पेटी कोण वाजवणार, एवढाच वाद आता आपल्याकडे उरला आहे. एका गाण्यावरून शेकडो मुलांना कॉलेजातून काढून टाकले होते, हे नातवंडांना सांगितले तर खरे वाटायचे नाही. ते याच शहरात घडले.

साल 1938. निजामाच्या राज्यात जाहीर सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान 53’ प्रमाणे आधी परवानगी लागे. स्टेट काँग्रेसवर तर स्थापना होण्याआधीच बंदी आली, आणि ऑक्टोबरात तिचा सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुले प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. मनाई झाली, मुलांनी जुमानली नाही. काही दिवसांतच ते लोण उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात पोचले.

मुलांचे म्हणणे, ही आमची प्रार्थना आहे आणि ती आम्ही प्रार्थनेच्या जागी म्हणतो. अधिकाऱ्यांचे म्हणणे, ही प्रार्थना नव्हे, राजकारण आहे. आपल्या घरांतून ही हकीकत सांगताना मुले खरी आणि अधिकारी खोटे असेच सांगितले जाते. मला मात्र वाटते की अधिकाऱ्यांना ते गाणे बरोबर कळले होते. वंगभंगापासून ते राजकीय झालेच होते. त्यातली देवीची प्रतिमा मुसलमानांना खटकते हेही खोटे नव्हते. काँग्रेसनेच आदल्या वर्षी कलकत्त्याला पहिली दोन कडवी तेवढी गावीत असे ठरवले होते. चूक झाली ती पुढे. सभा, संघटना, मिरवणूक सगळ्यांवर पहारा बसवल्यावर लोकांचे राजकारण प्रार्थनेच्या खोलीत शिरणारच, एवढे कोणाच्या लक्षात आले नाही.

मुलांना काढून टाकण्यात आले. उस्मानियाचे शिक्षण उर्दू माध्यमातले. बाहेर त्यांना कोण घेणार? घेतले नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने. चळवळीतल्या विद्यार्थ्यांत पी. व्ही. नरसिंह रावही होते. मराठी त्यांना इतकी आली की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. आर्य समाजाचे रामचंद्र राव तुरुंगात फटक्यागणिक ‘वंदे मातरम्’ म्हणत राहिले, आणि ते शब्द त्यांच्या नावालाच जोडले गेले.

संगीत आणि राजकारण हा आता विद्यापीठांतून अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. जानकी बखले यांनी भातखंडे-पलुस्करांवर लिहिलेल्या ‘टू मेन अँड म्युझिक’ या ग्रंथात आपल्या शास्त्रीय संगीताच्या घडणीतले राजकारण उलगडून दाखवले आहे. पण या अभ्यासाला साजेशी खरी गंमत दहा वर्षांनी दिल्लीत झाली. राष्ट्रगीत कोणते, हा प्रश्न निघाला तेव्हा ‘वंदे मातरम्’ची चाल वाद्यवृंदाला सोयीची नाही, असे कारण पुढे आले. आपले मास्टर कृष्णराव हे ऐकून गप्प बसणारे नव्हते. त्यांनी चाल बांधली, मुंबईत पोलीस बँडकडून वाजवून घेतली, दिल्लीला जाऊन संविधान सभेच्या सदस्यांना ऐकवली. उपयोग झाला नाही. हैदराबादेत गाणे राजकीय म्हणून बंद झाले, आणि दिल्लीत राजकीय अडचण असताना चर्चा चालली ती बँडची! मास्तरांनी संगीताच्या आक्षेपाला संगीताने उत्तर दिले, पण खरा आक्षेप तो नव्हताच.

पंडित नेहरूंनी याबाबतचे निवेदन केले ते 25 ऑगस्ट 1948 रोजी. त्या दिवशी हैदराबाद अजून निजामाचेच होते. 24 जानेवारी 1950 ला ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान मिळाला.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांची पदवी उस्मानियाऐवजी नागपूरची निघाली, तर तिच्यावरचे साल एकदा पाहावे.