मेकॉलेचे टिपण आणि इंग्रजीचा पेपर

परवा दहावीतली भाची इंग्रजीचा सराव करत होती. उताऱ्यातल्या लेखकानं वाचकाला पटवण्यासाठी भाषेच्या कोणत्या युक्त्या वापरल्या, ते शोधायचं होतं. म्हटलं, ज्या कागदानं इंग्रजी शिक्षणाला सरकारी तिजोरी उघडून दिली, तोच घेऊ. मेकॉलेचं 2 फेब्रुवारी 1835 चं टिपण.

वाद पैशाचा होता. 1813 च्या कायद्यानं शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये ठेवले होते. ते संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर?

"मामू, हा तर स्वतःच सांगतोय, मला संस्कृत येत नाही, अरबीही नाही!"

म्हटलं, तिथंच खूण कर. कबुली देणारा माणूस प्रामाणिक वाटतो. मग तो जाणकारांचा हवाला देतो आणि या दोन्ही भाषांतल्या साऱ्या ग्रंथांपेक्षा युरोपातलं एक फडताळ भारी ठरवतो. फडताळ डोळ्यांपुढं उभं राहतं, पुरावा मागायचा राहून जातो. पुढं थट्टा: तीस फूट उंच राजे, काकवीचे नि लोण्याचे समुद्र. (कवी म्हणून मला ते समुद्र फार आवडतात.) हसणारा वाचक वाद घालत नाही.

एक मुद्दा मात्र मला आजही खोडता येत नाही. अरबी शिकायला मुलांना पैसे द्यावे लागतात, इंग्रजीसाठी मुलं पदरचे मोजतात, असं तो दाखवून देतो.

कलकत्त्याच्या हजारो मुसलमानांनी विरोधात अर्ज केला. 7 मार्चला बेंटिंकचा ठराव निघाला. मदरसा राहिला, नव्या विद्यार्थ्यांचं विद्यावेतन थांबलं, अरबी-संस्कृत ग्रंथांची सरकारी छपाईही.