नदीकाठचे नवे घर विकणे आहे. पण त्याखालची जमीन कुणाची?

पुण्याभोवती मुळा-मुठा, इंद्रायणी, पवना आणि भीमा या नद्यांच्या काठची गावे आज जाहिरातींनी भरून गेली आहेत. 'नदीकिनारी नवे बांधलेले स्वतंत्र घर, कुटुंबासाठी उत्तम, क्लिअर टायटल, त्वरित विकणे आहे.' चार ओळींच्या या जाहिरातीत अंगण आहे, पार्किंग आहे, सूर्योदयाचे दृश्यही आहे. नाही तो फक्त इतिहास. ज्या जमिनीवर हे घर उभे आहे ती काल कुणाच्या नावावर होती? त्या गावात घर बांधण्याचा हक्क कुणाला होता, कुणाला नव्हता? आणि आज ते घर विकत घेण्याचा हक्क कागदावर सर्वांना असला तरी प्रत्यक्षात कुणाला आहे? आंबेडकरी तरुणांनी ही जाहिरात हे तीन प्रश्न विचारूनच वाचली पाहिजे.

घर बांधणे हाच गुन्हा होता

भारतीय खेड्याचे गोडवे गाणारे लोक नदी, देऊळ, पार आणि पाणवठा यांचे चित्र काढतात. त्या चित्रात आपली वस्ती कुठे असते? गावकुसाबाहेर. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना सवर्ण गावाने लादलेल्या नियमांची यादीच दिली आहे. अस्पृश्यांची वस्ती गावापासून वेगळी असावी, ती दक्षिणेला असावी कारण दक्षिण ही अशुभ दिशा, त्यांनी जमीन किंवा गुरेढोरे बाळगू नयेत, घरावर कौले घालू नयेत. हे नियम मोडणे म्हणजे गावाविरुद्ध गुन्हा.

कौलांचा मुद्दा नीट लक्षात घ्या. कौलारू छप्पर ही चैन नव्हे. पावसाळ्यात गळणार नाही, ठिणगी पडली तर पेटणार नाही असे घर म्हणजे माणसाची गावातली कायमची जागा. झोपडी आज आहे, उद्या नाही. गवताच्या छपराखाली राहणाऱ्याला हुसकावणे सोपे असते, जाळणे त्याहून सोपे असते. म्हणून ज्याला कायम राबवून घ्यायचे आहे, पण कायमचा हक्क द्यायचा नाही, त्याचे घर कच्चेच राहिले पाहिजे, ही व्यवस्थेची गरज होती. कौलावरची बंदी हा मालकी हक्कावरचा हल्ला होता.

हे जुने झाले असे कुणी म्हणत असेल तर त्याने 1978 आठवावे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. वाद विद्यापीठाच्या नावाचा होता, जळली मात्र घरे. 2006 मध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाचा संहार झाला, त्याच्या मुळाशीही त्यांच्या शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा आणि जमिनीचा वाद होता. स्वतःची जमीन कसणारे, मुलांना शिकवणारे एक बौद्ध कुटुंब गावाच्या डोळ्यात खुपत होते.

वतन : जमीन की बेडी?

आता जमिनीकडे येऊ. पूर्वाश्रमीच्या महारांकडे जमीन नव्हतीच असे म्हणणे अर्धसत्य आहे. महार वतनाची जमीन होती. लोक तिला हाडकी-हाडोळा म्हणत. पण ती मालकीची जमीन नव्हती, चाकरीच्या बदल्यात दिलेली जमीन होती. 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रज सरकारने ही चाकरी पक्की केली. वेसकरी, तराळकी, सरकारी निरोप पोचवणे, अंमलदारांचे सामान वाहणे, वेळीअवेळी हजर राहणे अशी ही चोवीस तासांची नोकरी. मोबदला काय? जमिनीचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवर मिळणारे बलुते. जमिनीचा तुकडा तोच, खाणारी तोंडे मात्र दर पिढीत वाढत गेली.

बाबासाहेबांनी 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत'मधून महार वतनाची चिरफाड केली आणि 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांची मागणी साधी होती. ज्याला चाकरी नको त्याला चाकरीतून मोकळे करा, त्याच्याकडून पूर्ण शेतसारा घ्या, पण जमीन त्याच्याकडेच राहू द्या. बलुत्याच्या जागी रोख रकमेची व्यवस्था करा. हे विधेयक मंजूर झाले नाही. पुढे सरकारने वतन जमिनींवरील जुडी वाढवली, तेव्हा 16 डिसेंबर 1939 रोजी अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वतनदारांची परिषद भरली.

इथे आपल्या तरुणांचा एक गोंधळ दूर केला पाहिजे. काही जण म्हणतात, 'बाबासाहेबांनीच वतन सोडा म्हणून सांगितले, मग आज वतनाच्या जमिनीसाठी का भांडायचे?' बाबासाहेबांचा विरोध जमिनीला नव्हता, जमिनीला बांधलेल्या गुलामीला होता. त्यांना चाकरी आणि जमीन यांची गाठ तोडायची होती, जमीन आणि आपला माणूस यांची नव्हे. 1928 चे विधेयक हाच त्याचा पुरावा आहे. जमीन सोडूनच द्यायची असती तर पूर्ण सारा भरून ती ठेवण्याचा हक्क मागण्याचे कारण काय?

चाकरी गेली, अट राहिली

शेवटी मुंबई राज्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा 1958 चा कायदा केला आणि 1 ऑगस्ट 1959 पासून वतने खालसा झाली. वतनाची जमीन आधी सरकारजमा झाली आणि मग कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर पूर्वीच्या वतनदाराला पुन्हा देण्यात आली. पण कशी? नवीन व अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि सरकारने ठरवलेली रक्कम भरल्याशिवाय ती विकता येणार नाही, वाटून घेता येणार नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' आणि 'इनाम वर्ग 6 ब' हे शेरे दिसतात, ते याच इतिहासाचे.

या अटीला दोन बाजू आहेत. एका बाजूने ती संरक्षण होती. कर्जापायी, दारूच्या बाटलीपायी, पाटलाच्या धाकाने जमीन हातची जाऊ नये म्हणून. दुसऱ्या बाजूने तीच अट आपल्या माणसाच्या गळ्यातला फास झाली. ज्याने मुदतीत रक्कम भरली नाही, त्याची जमीन सरकारच्या नावावर राहिली. ज्याने भरली, त्याच्या जमिनीला बाजारात पूर्ण भाव मिळत नाही, कारण पुढची परवानगी घेणारा कुणी तरी बळकट माणूस लागतो. मग हा बळकट माणूस येतो. गरजेच्या वेळी थोडे पैसे हातावर ठेवतो, कुलमुखत्यारपत्र लिहून घेतो, पन्नास वारसांच्या सह्या-अंगठे गोळा करतो. परवानगी पुढे कधीतरी, ताबा मात्र आज. शहर वाढत गावापर्यंत येते, नदीकाठचा भाव कडाडतो, आणि ज्या कुटुंबाच्या आजोबांनी त्या गावाची वेस राखली त्यांची नातवंडे त्याच जमिनीवरच्या बंगल्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभी राहतात. वेसकरीच ती, नाव बदलले इतकेच.

नोव्हेंबर 2025 मध्ये मुळा-मुठेकाठच्या मुंढव्यातील सुमारे 40 एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून राज्याचे राजकारण ढवळून निघाले. सगळी चर्चा मुद्रांक शुल्क किती बुडाले, सही कुणाची, पुढारी कोण याभोवती फिरली. मूळ वतनदार कुटुंबे कुठे आहेत, त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मात्र तळटीपेत गेला. आपल्या चळवळीने तो पहिल्या ओळीत आणायला हवा होता.

नदी कुणालाच सोडत नाही

नदीकाठच्या घराची आणखी एक गोष्ट आहे. पाटबंधारे खाते नदीच्या दोन रेषा आखते. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. तरीही तिथे प्लॉट पडतात, खरेदीखते होतात, घरे उभी राहतात. मे 2025 मध्ये पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले 36 बंगले महापालिकेने न्यायालयीन आदेशानुसार पाडले. आयुष्यभराची कमाई घालून घर घेतलेली कुटुंबे उघड्यावर आली. प्लॉट विकणारे पैसे घेऊन आधीच मोकळे झाले होते.

त्या कुटुंबांच्या दुःखाची चेष्टा आपण करणार नाही. घर जाणे म्हणजे काय हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? पण एक फरक नोंदवलाच पाहिजे. बंगले पडले तेव्हा ती बातमी झाली. नदीकाठच्या झोपडपट्ट्या दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात, तेव्हा तो 'अतिक्रमणाचा प्रश्न' होतो. पूररेषा सर्वांना सारखी, सहानुभूती मात्र जात आणि वर्ग पाहून वाहते.

विकणे आहे, पण कुणाला?

समजा कागद स्वच्छ आहेत, पूररेषा लांब आहे, आणि आपल्याकडे पैसाही आहे. तरी घर मिळते का? आडनाव विचारले जाते. आडनावावरून कळले नाही तर 'नॉनव्हेज चालणार नाही' असे सांगितले जाते. घरात कुणाचा फोटो लावणार हेही आडून विचारले जाते. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोरोॲस्ट्रियन हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला. एका लहान समाजाच्या प्रकरणात दिलेला तो निकाल. पण त्या तर्काचा आधार घेऊन कोणतीही जात आपली भिंत उभारू शकते. गावकुसाला आता कंपाउंड वॉल म्हणतात.

सरकारी योजनेचीही हीच अडचण आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाच्या योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. पण ती जमीन सरकारने विकत घ्यायची आहे, आणि गावात आपल्याला विकणारा कुठे आहे? शहराजवळ तर सरकारी दराला कुणी ढुंकून पाहत नाही. रमाई घरकुल मंजूर होते, पण घराखालची जागा नावावर नसते. ज्या दादासाहेबांनी 1959 आणि 1964-65 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात नेली, त्यांच्या नावाची योजना कागदावर राहावी, हा आपल्या संघटनांचाही पराभव आहे.

बाबासाहेबांना हे सारे आधीच दिसले होते. म्हणूनच 1942 च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. म्हणूनच 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतजमिनीचे राष्ट्रीयीकरण आणि स्वतंत्र वसाहतींसाठी आयोग मागितला. गावात राहून गावाकडे घराची भीक मागायची नाही, राज्याने जमिनीचा पाया बदलायचा, ही त्यांची भूमिका होती. आणि त्यांनी स्वतः काय केले? दादरच्या हिंदू कॉलनीत ग्रंथांसाठी घर बांधले आणि त्याला मगधाच्या प्राचीन राजधानीचे, बुद्धाच्या वास्तव्याने पावन झालेल्या नगरीचे नाव दिले : राजगृह. हक्काचे, पक्के, इतिहास सांगणारे घर.

आता काय करायचे?

पहिले काम, आपल्या गावातील वतन जमिनींची यादी करा. जुने सातबारे, फेरफार, इनामपत्रके तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातून नकला काढून मिळतात. कोणत्या गटावर 'इनाम वर्ग 6 ब' होते, ते कधी निघाले, कोणत्या आदेशाने निघाले, रक्कम कुणी भरली, हे तपासा. परवानगीशिवाय झालेला व्यवहार शर्तभंग आहे.

दुसरे, वारसनोंदी पूर्ण करा. बहिणींची नावे लावा. अर्धवट वारसनोंद हेच दलालाचे भांडवल असते.

तिसरे, वस्तीतल्या घरांचे कागद तयार करा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते; त्यात आपली वस्ती आली का, मिळकत पत्रिका निघाली का, हे विचारा. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली, चांगले झाले. पाटीमागच्या घराला कागद मिळाला का?

चौथे, जमीन बळकावली गेली असेल तर ती केवळ दिवाणी भानगड समजू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीची जमीन बेकायदा बळकावणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि ज्यांना घर विकत घ्यायचे आहे त्यांनी जरूर घ्यावे, नदीकाठीही घ्यावे. पक्के, कौलारू, दोन मजली घ्यावे. फक्त खरेदीखतावर सही करण्याआधी तीस वर्षांचे फेरफार वाचावेत. पूररेषा पाहायची ती बुडू नये म्हणून, आणि इनामाचा शेरा पाहायचा तो आपल्याच भावंडांच्या लुटीत आपण भागीदार होऊ नये म्हणून.

जमिनीचा इतिहास वाचता येणारी पिढीच जमीन परत मागू शकते.

जय भीम!