वर्गणीबाहेरचा प्रेक्षक : केबलवाचून रिअ‍ॅलिटी शो थेट पाहण्याचा इतिहास

प्रस्तावना :

दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिताना प्रामुख्याने वाहिन्या, कार्यक्रम आणि शासकीय धोरणे यांचा विचार केला जातो. कार्यक्रम घरापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचला आणि त्या मार्गावर कोणाला किती दाम मोजावे लागले, हा प्रश्न तंत्रज्ञांचा किंवा व्यापाऱ्यांचा समजून बाजूला ठेवला जातो. रिअ‍ॅलिटी शोच्या संदर्भात मात्र असे करता येत नाही. या कार्यक्रमांत प्रेक्षक पाहतो आणि मतही देतो. मताला मुदत असते. मालिका चार महिन्यांनी पाहिली तरी तिचा आस्वाद उरतो. परंतु निकाल जाहीर झाल्यानंतर पाहिलेल्या स्पर्धेत प्रेक्षकाचा सहभाग उरत नाही. त्यामुळे ज्या घरी केबलची जोडणी नाही, त्या घरातील प्रेक्षक हा कार्यक्रम त्याच वेळी पाहू शकतो काय, हा प्रश्न मनोरंजनाइतकाच सहभागाच्या अधिकाराचाही ठरतो.

प्रस्तुत लेखात पुढील तीन बाबींचा विचार केला आहे : पाश्चात्त्य देशांत विनामूल्य प्रक्षेपणावर रुजलेला हा प्रकार भारतात सशुल्क वाहिन्यांवर का स्थिरावला, केबलबाहेरच्या भारतीय प्रेक्षकाला वेगवेगळ्या काळात कोणते पर्याय उपलब्ध झाले, आणि या प्रेक्षकाचा कायद्याने कितपत विचार केला. विवेचन कायदे, न्यायालयीन निर्णय आणि प्रसारणाचा घटनाक्रम यांच्या आधारे कालानुक्रमे केले आहे.

‘थेट’ या संज्ञेचा अर्थ :

आरंभीच एका संज्ञेचा खुलासा करणे आवश्यक आहे. क्रिकेट सामन्याचे प्रक्षेपण ज्या अर्थाने थेट असते, त्या अर्थाने बहुतेक रिअ‍ॅलिटी शो थेट नसतात. गायन स्पर्धेचे भाग आधी चित्रित होतात. ‘बिग बॉस’सारख्या कार्यक्रमात आदल्या दिवसाच्या घटना संकलित करून दाखविल्या जातात. येथे ‘थेट’ म्हणजे वाहिनीने ठरविलेल्या प्रथम प्रसारणाच्या वेळी, मतदान खुले असताना पाहणे, असा अर्थ अभिप्रेत आहे. अंतिम फेरी आणि आंतरजालावरील चोवीस तासांचे प्रक्षेपण हे या अर्थाचे अधिक तीव्र प्रकार होत.

पाश्चात्त्य पूर्वपीठिका :

‘बिग ब्रदर’ हा कार्यक्रम सप्टेंबर १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रथम प्रसारित झाला. जुलै २००० मध्ये तो ब्रिटनमध्ये ‘चॅनेल फोर’वर आणि अमेरिकेत ‘सीबीएस’वर आला. ‘अमेरिकन आयडॉल’ जून २००२ मध्ये ‘फॉक्स’वर सुरू झाला. ‘चॅनेल फोर’, ‘सीबीएस’ आणि ‘फॉक्स’ या तिन्ही वाहिन्या भूस्थित प्रक्षेपकांवरून प्रसारित होत असत. छपरावरच्या अँटेनावर त्या दिसत आणि त्यांसाठी वाहिनीला वर्गणी द्यावी लागत नसे. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी परवान्याचे शुल्क होते. तथापि केबलची सक्ती नव्हती. म्हणजेच प्रेक्षकाचे मत मागणारा हा प्रकार त्या दोन देशांत मत देऊ शकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराला पाहता येत होता.

चोवीस तासांच्या प्रक्षेपणाबाबत मात्र तेथेही लवकरच भिंत उभी राहिली. अमेरिकेतील ‘बिग ब्रदर’च्या पहिल्या पर्वात आंतरजालावर विनामूल्य दिसणारी घरातील दृश्ये २००१ च्या दुसऱ्या पर्वापासून सशुल्क झाली. पुढे ‘एरिओ’ नावाच्या कंपनीने ग्राहकाला लहानसा अँटेना भाड्याने देऊन त्यावरील विनामूल्य वाहिन्या आंतरजालामार्गे घरी पोहोचविण्याचा उपाय काढला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो स्वामित्वहक्काचा भंग ठरविला. स्वतःच्या छपरावर अँटेना लावून पाहणे वैध. तोच अँटेना दुसऱ्याने दूर ठेवून त्याचे चित्र आंतरजालावरून पाठविणे अवैध, असे या निर्णयाचे व्यावहारिक फलित होते.

भारतातील अँटेनाचा काळ :

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. १९७५-७६ मधील ‘साइट’ या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून आलेले कार्यक्रम सार्वजनिक संचावर दाखविले गेले. केबलवाचून उपग्रहाचे चित्र थेट खेड्यात पोहोचविण्याची कल्पना भारतात केबलपेक्षा जुनी आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या काळात सर्व कार्यक्रम सर्व अँटेनाधारकांना एकाच वेळी दिसत. ज्याच्या घरी संच नव्हता तो शेजारच्या ओसरीवर बसून पाहत असे. स्पर्धात्मक कार्यक्रमही या काळाच्या अखेरीस अवतरले. १९९६ मध्ये दूरदर्शनवर ‘मेरी आवाज सुनो’ ही गायन स्पर्धा झाली आणि सुनिधी चौहान तिची विजेती ठरली. तेथे निवाडा परीक्षकांकडे होता. प्रेक्षकाने मत द्यावे अशी अपेक्षा नव्हती. ज्या काळी सर्वांना थेट पाहता येत होते, त्या काळी प्रेक्षकाला कौल विचारला जात नव्हता.

केबलचा काळ आणि मतदार प्रेक्षक :

जानेवारी १९९१ मधील आखाती युद्धाच्या बातम्यांनी उपग्रह वाहिन्यांचे आकर्षण वाढविले. त्याच वर्षी स्टार समूहाच्या वाहिन्या आणि २ ऑक्टोबर १९९२ पासून झी टीव्ही उपलब्ध झाल्या. गल्लीतील केबलचालक एक मोठी छत्री गच्चीवर बसवून तारेने घराघरांत जोडण्या देऊ लागला. या व्यवसायाला १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) अधिनियमाने कायदेशीर चौकट मिळाली.

त्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे प्रतिपादन केले. तथापि भूस्थित दूरचित्रवाणी प्रक्षेपण खासगी संस्थांना खुले झाले नाही. ते दूरदर्शनकडेच राहिले. खासगी वाहिनीला प्रेक्षकापर्यंत जाण्यासाठी उपग्रह आणि केबल हाच मार्ग उरला. भारतीय रिअ‍ॅलिटी शो सशुल्क वाहिन्यांवर का स्थिरावला, याचे मूळ कारण या व्यवस्थेत आहे. ब्रिटन वा अमेरिकेतील व्यापारी वाहिनीला अँटेनापर्यंत जाता येत होते; भारतातील वाहिनीला ते दार बंद होते.

जुलै २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ने खासगी वाहिनीवरील स्पर्धात्मक कार्यक्रमाची ताकद दाखवून दिली. २००४ च्या अखेरीस सोनी वाहिनीवर ‘इंडियन आयडॉल’ सुरू झाला आणि मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजित सावंत प्रेक्षकांच्या मतांवर पहिला विजेता ठरला. मत भ्रमणध्वनीवरील संदेशाने देता येत असे आणि त्यासाठी नेहमीच्या संदेशापेक्षा अधिक आकार पडे. येथे एक विसंगती निर्माण झाली. मत देण्यासाठी केबलची आवश्यकता नव्हती. परंतु ज्याला मत द्यायचे त्याचे गाणे ऐकण्यासाठी ती आवश्यक होती. पाहण्यासाठी एक दाम आणि बोलण्यासाठी दुसरा, अशी ही रचना होती.

या मतदानाचे सामाजिक वजन २००७ मध्ये स्पष्ट झाले. ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वाच्या अंतिम फेरीत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल हे दोघे होते. मतांसाठी डोंगराळ भागांत मोहिमा निघाल्या, वर्गण्या गोळा झाल्या. प्रशांत तमांग विजयी झाला. त्याच्या समर्थनाच्या मोहिमेत पुढे आलेले बिमल गुरुंग यांनी ७ ऑक्टोबर २००७ रोजी गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. मनोरंजनाच्या मतदानातून प्रादेशिक अस्मितेला संघटित रूप मिळू शकते, हे या घटनेने दाखविले. असे मतदान कोणाला पाहता येते हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक मानता येणार नाही.

वर्गणीचे स्वरूपही या काळात बदलत गेले. २००६ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली व कोलकाता यांच्या काही भागांत सेट टॉप बॉक्सची सक्ती झाली आणि सशुल्क वाहिनीसाठी ५ रुपयांची कमाल मासिक किंमत ठरविण्यात आली. २०१९ च्या नव्या दररचनेत शंभर वाहिन्यांसाठी करांव्यतिरिक्त १३० रुपयांपर्यंत मूळ आकार आणि त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीची स्वतंत्र किंमत आली. हिंदीतील प्रमुख मनोरंजन वाहिन्यांनी ती १९ रुपये जाहीर केली. गल्लीतील केबलचालकाशी घासाघीस करून ठरणारी रक्कम छापील दरपत्रकात बसली.

फ्री डिश : मासिक शुल्काविना, परंतु विलंबाने :

१६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. पुढे तिचे नाव ‘डीडी फ्री डिश’ असे झाले. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतले की मासिक शुल्क नाही, हे तिचे वैशिष्ट्य. या सेवेच्या घरांची संख्या अलीकडील वर्षांत ४ कोटींहून अधिक असल्याचे अंदाज दिले गेले आहेत.

या घरांसाठी खासगी समूहांनी झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल, रिश्ते अशा वाहिन्या चालविल्या. त्यांवर मुख्यतः आपल्या सशुल्क वाहिन्यांवरील जुने कार्यक्रम पुन्हा दाखविले जात. ही तडजोड दोन्ही बाजूंना सोयीची होती : समूहाला जाहिरातीसाठी प्रेक्षक मिळे आणि प्रेक्षकाला विनामूल्य मनोरंजन. मात्र रिअ‍ॅलिटी शोच्या दृष्टीने या तडजोडीत मूळ गोष्टच निसटत होती. मतदान संपल्यानंतर दिसणारी स्पर्धा ही निकाल ठाऊक असलेली कथा असते. १ मार्च २०१९ रोजी या वाहिन्या फ्री डिशवरून बाहेर पडल्या, २०२० मध्ये परतल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा बाहेर पडल्या. या येण्याजाण्यावरून विनामूल्य प्रेक्षकाचे स्थान बाजारभावानुसार ठरत होते, असे दिसून येते. दरम्यान दूरदर्शनचे बहुतांश जुने भूस्थित प्रक्षेपकही २०२२ पर्यंत बंद झाले आणि साध्या अँटेनाचा काळ जवळजवळ संपला.

आंतरजालाचा काळ :

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भ्रमणध्वनीवरील आंतरजालाचे दर झपाट्याने उतरले आणि केबलवाचून पाहण्याचा नवा मार्ग खुला झाला. एप्रिल २०१८ मध्ये कलर्स मराठीवर ‘बिग बॉस मराठी’ सुरू झाले, तेव्हा मतदान ‘व्हूट’ या अ‍ॅपवर होत असे. पाहणे आणि मत देणे एका पडद्यावर आले.

या मार्गावरही दाराची उघडझाप झाली. ‘बिग बॉस ओटीटी’चे पहिले पर्व २०२१ मध्ये व्हूटवर आले. २०२३ चे दुसरे पर्व जिओसिनेमावर विनामूल्य दिसले. २०२४ च्या तिसऱ्या पर्वासाठी वर्गणी आवश्यक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार यांचे ‘जिओहॉटस्टार’ असे एकत्रीकरण झाले. मधल्या काळात, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा विजेता झाला. खेड्यातील तरुण राज्यभरच्या मतांवर विजयी होऊ शकतो, हे या निकालाने सिद्ध केले. खेड्यातील प्रेक्षकाला तो विजय घडत असताना पाहता यावा, याची हमी मात्र कोणत्याही व्यवस्थेने दिलेली नव्हती.

कायद्याची दृष्टी :

क्रीडेच्या बाबतीत अशी हमी देण्यात आली आहे. २००७ च्या क्रीडा प्रसारण संकेत (प्रसार भारतीशी सक्तीची भागीदारी) अधिनियमाने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रक्षेपण दूरदर्शनचे भूस्थित जाळे आणि फ्री डिश यांच्यापुरते मर्यादित असल्याचे स्पष्ट केले. केबलचालकांमार्फत ते देता येणार नव्हते. म्हणजेच केबलबाहेरचा प्रेक्षक हा स्वतंत्र हितसंबंध असलेला वर्ग आहे, ही गोष्ट कायद्याने क्रीडेपुरती मान्य केली आहे. रिअ‍ॅलिटी शो हा राष्ट्रीय सामन्याच्या तोडीचा नाही, हे उघड आहे. परंतु सामन्यात प्रेक्षकाच्या मताने निकाल ठरत नाही आणि येथे तो ठरतो, हा भेदही दुर्लक्षिण्यासारखा नाही. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात इफ्फीच्या उद्घाटनप्रसंगी ‘वेव्हज’ हे स्वतःचे अ‍ॅप सुरू केले. सार्वजनिक प्रसारणाने आंतरजालावर ठेवलेले हे पाऊल या संदर्भात नोंद घेण्याजोगे आहे.

निष्कर्ष :

१. भारतात रिअ‍ॅलिटी शो सशुल्क वाहिन्यांवर स्थिरावला, यामागे प्रेक्षकाच्या आवडीपेक्षा भूस्थित प्रक्षेपणाची बंदिस्त व्यवस्था हे कारण अधिक महत्त्वाचे होते.

२. केबलवाचून पाहण्याचे तीन टप्पे दिसतात. अँटेनाच्या काळात सर्वांना दिसे, पण मत नव्हते. फ्री डिशवर मासिक शुल्क नव्हते, पण वेळ टळून गेलेली असे. आंतरजालावर वेळ साधते, पण दार केव्हा बंद होईल याची शाश्वती नसते.

३. १९९५ च्या निर्णयाने ध्वनिलहरी जनतेच्या ठरविल्या. त्या तत्त्वाचा लाभ विनामूल्य प्रेक्षकाला क्रीडेपुरता मिळाला. जेथे जनतेकडून कौल मागितला जातो, तेथे किमान अंतिम फेरी तरी त्याच वेळी सर्वांना विनामूल्य पाहता यावी, ही अपेक्षा त्या तत्त्वाशी सुसंगत ठरते. ज्याचे मत मोजायचे, त्याला आधी पाहू द्यावे, एवढाच तिचा आशय आहे.