गव्हांकुराचें तेल आणि हृदय

'ई' जीवनसत्त्वाची पिवळसर गोळी हृदयाला बळ देते, असें पुष्कळांनीं ऐकलें असेल. तिचा पूर्वेतिहास मात्र सूतिकागृहाशीं जुळतो! १९२२ सालीं कॅलिफोर्नियांत ईव्हान्स आणि बिशप यांना आढळलें कीं, आहारांत एक अज्ञात तत्त्व नसल्यास उंदरांच्या मादीचा गर्भ टिकत नाहीं. १९३६ सालीं गव्हांकुराच्या तेलांतून तें शुद्ध स्वरूपांत काढलें गेलें. 'टोकोफेरॉल' या नांवांतील ग्रीक शब्दही प्रसूतिवाचकच.

हृदयाशीं त्याचें नातें जोडलें तें तर्कानें. रक्तांतील स्निग्धकण प्राणवायूच्या संयोगानें बिघडतात व रोहिणीच्या भिंतींत रुततात. मग हा बिघाड रोखणारें द्रव्य हृदयालाही तारील, असें अनुमान निघालें. १९९३ सालीं हार्वर्डच्या दोन पाहण्यांत ही गोळी घेणाऱ्यांना हृद्रोग कमी झालेला दिसला. पण गोळी घेणारीं माणसें बहुधा एरव्हींही प्रकृतीला जपणारीं. श्रेय कोणाला द्यावें?

कॅनडांत सलीम यूसुफ (हे मूळचे केरळचे) व त्यांचे सहकारी यांनीं ९,५४१ जोखमीच्या रुग्णांवर हा प्रश्न कसाला लावला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वांटणी करून निम्म्यांना नैसर्गिक 'ई' जीवनसत्त्व दिलें, निम्म्यांना औषधहीन गोळी. कोणाला काय मिळालें, हें वैद्यांनाही ठाऊक नव्हतें. सुमारें साडेचार वर्षांनंतर, २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत दोन्ही गटांतील झटके व मृत्यु जवळजवळ सारखेच निघाले. यांतील पुष्कळांवर पुढेंही नजर ठेवली. २००५ सालच्या वृत्तांतांत गोळी घेणाऱ्यांमध्यें हृदय दुबळें पडण्याचें प्रमाण उलट किंचित् अधिक भरलें.